मागच्या चाकांचे ब्रेक

"मागच्या चाकांना ड्रम ब्रेक देऊ की डिस्क?" शोरूमच्या बाईंनी विचारलं, आणि काटेसाहेबांचा तोपर्यंत सुरळीत चाललेला दिवस तिथेच अडला.

ब्रेक म्हणजे ब्रेक, अशी त्यांची आजवर प्रामाणिक समजूत होती. पाय दिला की गाडी थांबते, आणि नाही थांबली तर पुढची चौकशी इतर लोक करतात. त्यात आवडनिवड असते हे त्यांच्या गावीही नव्हतं. ते फक्त रंग ठरवून आले होते. राखाडी. तोही सहजासहजी ठरला नव्हता. त्यात अकरा दिवस आणि बायकोचे दोन अबोले खर्ची पडले होते.

"शिवाय ॲक्सल, म्हणजे मागच्या दोन चाकांना जोडणारा दांडा," बाईंनी छापील कागद पुढे सरकवला. "साधा, पकडवाला आणि लॉकवाला. साध्यात काय होतं सर, एक चाक चिखलात गरगरायला लागलं की सगळा जोर त्यालाच जातो आणि दुसरं नुसतं बघत बसतं. पकडवाल्यात थोडा जोर दुसऱ्याकडे वळतो. आणि लॉकवाल्यात बटण दाबलं की दोन्ही चाकं बांधली जातात. फिरली तर दोघं, नाही तर कुणीच नाही."

"संसारच की," काटेसाहेबांची बायको म्हणाली. शोरूमच्या बाई हसल्या. काटेसाहेब हसले नाहीत. ते चष्मा पुसत होते, आणि ते चष्मा पुसायला लागले की काम लांबणार हे त्यांच्या बायकोला बत्तीस वर्षांच्या अनुभवाने कळत होतं.

खरं तर त्यांचं आडनाव काटे नव्हतं. वजनमापे खात्यात चौतीस वर्षं नोकरी झाली, दुकानादुकानांतून तराजूचे काटे तपासत हिंडले, आणि लोकांनी त्यांना काटेसाहेब करून टाकलं. माणूस सचोटीचा. गुंजभराचा फरकही त्यांनी कधी चालवून घेतला नाही. पण अशा माणसाची एक अडचण असते. दोन्ही पारडी बरोबरीला येईपर्यंत त्याला हात काढता येत नाही, आणि जगातली बहुतेक पारडी बरोबरीला येतच नाहीत. कुणाच्या घरी "चहा घेणार की कॉफी?" असं विचारलं तर यजमानाचं दूध आटून जायचं.

गाडी घ्यायचं निघालं ते अक्कामुळे. अक्का म्हणजे त्यांची थोरली बहीण, सात वर्षांनी मोठी. डोंगरावरच्या एका वस्तीत सरकारी दवाखान्यात नर्स म्हणून गेली ती तिथलीच झाली. लग्न तिथेच केलं, निवृत्तीनंतर राहिलीही तिथेच. अख्खा डोंगर तिला सिस्टर म्हणायचा. सख्खा भाऊ मात्र एकच, आणि तोच फिरकत नव्हता. "रस्ता तसा आहे ना, अक्का," ते फोनवर म्हणायचे. आणि रस्ता खरंच तसा होता. डांबर संपलं की पुढे अकरा किलोमीटर दगड, माती आणि एका बाजूला दरी. त्यांच्या जुन्या लहान गाडीचं पोट वाटेतल्या गतिरोधकालाही घासायचं. त्यामुळे कारण पक्कं होतं, आणि पक्कं कारण मिळालं की माणूस ते जपून वापरतो. काटेसाहेबांनी ते नऊ वर्षं वापरलं.

मग एका सकाळी अक्काचा फोन आला. ती रडत वगैरे नव्हती. जन्मभर दुसऱ्यांना सुया टोचलेली बाई. तिचा आवाज कायम "आता थोडं दुखेल हं" असाच असायचा.

"अरे, डोळे दाखवून आले. उजवा गेलाच आहे म्हणाले. डावा पाच-सहा महिने साथ देईल, जास्त नाही. तेवढ्यात एकदा येऊन जा. तुझं तोंड बघून घेते."

"येतो," काटेसाहेब म्हणाले. "लगेच येतो. रस्ता तेवढा…" फोन ठेवून त्यांनी खिडकीतून खाली उभ्या जुन्या गाडीकडे बघितलं. मग बायकोला म्हणाले, "डोंगरात चालणारी गाडी घ्यायची."

"भाड्याची जीप जाते की रोज."

"त्या जीपचे ब्रेक बघितलेस?"

बायकोने बघितले नव्हते. त्यांनीही नव्हते.

तर असा तो शोरूमचा दिवस. बाईंनी सांगितलं होतं की ड्रम ब्रेक आणि साधा ॲक्सल असलेली राखाडी गाडी तीन आठवड्यांत दारात उभी राहील. तीन आठवडे. हा आकडा लक्षात ठेवावा. कारण काटेसाहेबांना तो पुढे जन्मभर लक्षात राहिला. त्यांनी त्या दिवशी त्याच गाडीची मागणी नोंदवली आणि मोठा सौदा उरकल्यासारखे ताठ मानेने घरी आले.

घरी यायला जिना होता, आणि जिन्यात फौजी होते.

फौजी म्हणजे वरच्या मजल्यावरचे निवृत्त गृहस्थ. सैन्यात बावीस वर्षं ट्रक चालवला होता आणि अजूनही जिना उतरताना हातात अदृश्य स्टिअरिंग असल्यासारखे वळायचे. "ड्रम घेतलेत ना? शाब्बास!" ते म्हणाले. "आम्ही बर्फात, वाळूत, गोळीबारात ड्रमवरच गाड्या थांबवल्या. डिस्क म्हणजे शहरी नखरे."

एवढ्यात समोरचं दार उघडलं. तिथे दातांचे डॉक्टर राहायचे. दवाखाना फारसा चालत नसल्यामुळे त्यांचं सगळ्या विषयांवर वाचन होतं. "ड्रम?" ते म्हणाले. रोग्याची अक्कलदाढ किडलेली दिसल्यावर काढावा तसा तो आवाज होता. "ओढ्यातून गाडी गेली की ड्रममध्ये पाणी शिरतं. मग दाबा ब्रेक! उतारावर ब्रेक ओले, आणि समोर दरी."

'दरी' हा शब्द ऐकून काटेसाहेबांनी चष्मा काढला आणि पुसायला घेतला.

इथे एक गोष्ट सांगायला हवी, जी त्यांनी बायकोशिवाय कुणालाही सांगितली नव्हती. नऊ वर्षांपूर्वी अक्काचे यजमान गेले तेव्हा काटेसाहेब निघाले होते. एकटेच, बसने. डांबर संपतं तिथे उतरून भाड्याच्या जीपची वाट बघत उभे राहिले आणि मान वर करून त्यांनी रस्त्याकडे बघितलं. डोंगराच्या कडेवर खडूने ओढल्यासारखी एक रेघ, आणि रेघेच्या खाली काहीच नाही. त्यांचे पाय गेले. म्हणजे जागेवर होते, पण त्यांचे राहिले नव्हते. जीप आली, लोक चढले, जीप गेली. ते तीन तास एका दगडावर बसले आणि उलट्या बसने घरी आले. अक्काला फोनवर सांगितलं, "दरड कोसळलीय गं. रस्ता बंद आहे." अक्का म्हणाली, "असू दे. जपून जा परत." तेव्हापासून त्यांनी तिच्या फोनला कधी दुसरी घंटा होऊ दिली नाही, पहिलीलाच उचलायचे. पण वर गेले नाहीत.

म्हणून ब्रेक. हे फौजींना माहीत नव्हतं आणि डॉक्टरांनाही नव्हतं. ते दोघे आपले यंत्रावर भांडत होते.

चार दिवसांनी काटेसाहेब पुन्हा शोरूममध्ये उभे राहिले. "चारही चाकांना डिस्क करा."

"सर, मग ही गाडी तुमची नाही राहणार. नवीन मागणी लागेल. आठ आठवडे."

त्यांनी मनात हिशेब केला. आठ आठवडे म्हणजे दोन महिने. अक्काकडे पाच-सहा होते. पारडं जड होतं. "चालेल," ते म्हणाले.

दर रविवारी ते अक्काला फोन करायचे आणि प्रगती सांगायचे. अक्का मन लावून ऐकायची. डिस्क कशी उघडी असते, वाऱ्याने कशी लगेच वाळते, ड्रम कसा मडक्यासारखा झाकलेला असतो. "म्हणजे ड्रमवाल्यात गाळ साठतो म्हण की," ती म्हणायची. "जखम झाकून ठेवली की तसंच होतं." मग आपलं सांगायची. आज कॅलेंडरवरचे मोठे आकडे दिसले, बारीक नाही. भिंतीवरचं घड्याळ दिसतं, काटे दिसत नाहीत. शेजारची आली की कपड्याच्या रंगावरून ओळखते. काल तिने नवीन घातला आणि माझी पंचाईत झाली.

काटेसाहेब म्हणायचे, "सात आठवडे राहिले, अक्का."

डिस्कचं ठरलं आणि ॲक्सलने डोकं वर काढलं. डॉक्टरांनी एक चित्रफीत दाखवली. कुठल्याशा परक्या देशात एक गाडी तिरकी अडकली होती, एक चाक हवेत, आणि तेच चाक जिवाच्या आकांताने फिरत होतं. जमिनीवरचं चाक मात्र शांत. "हा साधा ॲक्सल," डॉक्टर म्हणाले. "बघा कसा ढिम्म बसलाय!" काटेसाहेबांना ते जमिनीवरचं चाक ओळखीचं वाटलं. त्यांनी चित्रफीत बंद करायला सांगितली.

फौजींचं म्हणणं पडलं की लॉकवाला ॲक्सल घ्यायचाच तर त्याच्या गिअरचा रेशोही बदलायला हवा. मोठा रेशो म्हणजे गाडी हळू जाईल पण चढावर बैलासारखी ओढेल. डॉक्टरांचं म्हणणं, मोठ्या रेशोने इंजिन कायम कण्हत राहील. दोघांमध्ये जिन्यात अशी जुंपली की खालच्या मजल्यावरच्या शिवणकाम करणाऱ्या बाई कैची घेऊनच बाहेर आल्या. शेवटी फौजी डॉक्टरांना म्हणाले, "तुम्ही दात उपटा!" आणि डॉक्टर म्हणाले, "या की, तुमचेच चार काढायचेत." त्यानंतर दोघांनी एकमेकांशी बोलणं सोडलं. दोघांचे निरोप काटेसाहेबांमार्फत जाऊ लागले, आणि एका सज्जन गृहस्थाला मजल्यामजल्यांवरून शिव्यांची ने-आण करावी लागली.

काटेसाहेब तिसऱ्यांदा शोरूममध्ये गेले. आता तिथला पहारेकरीही त्यांना "आज काय, सीट का?" असं विचारू लागला होता. हा अपमान त्यांनी गिळला. बाईंनी संगणकात बघितलं. बघून झाल्यावर त्या एकदम कोऱ्या आवाजात म्हणाल्या, "सर, तुमची गाडी पुढच्या आठवड्यात जोडणीला जाणार होती. आता लॉक घातला तर तुम्ही रांगेत शेवटी जाल. मी एक सांगू? माझ्या भावाची गाडी साध्या ॲक्सलची आहे. कुठेही जाते."

"तुमचा भाऊ धाडसी असेल."

"नाही हो," बाई म्हणाल्या. "त्याला जायचं असतं."

त्यांनी हे सहज म्हटलं होतं. काटेसाहेबांनी चष्मा पुसला आणि लॉकवाल्या ॲक्सलवर खूण केली. मोठ्या रेशोवरही.

त्या रविवारी त्यांनी अक्काला लॉक समजावून सांगितला. पलीकडून कप ठेवल्याचा आवाज आला. त्यांना वाटलं, ती ऐकत नाही.

"अक्का?"

"आहे रे. मी विचार करत होते. ब्रेक म्हणजे थांबण्यासाठीच ना?"

"हो."

"मग त्याची काळजी तू कशाला करतोस? थांबायला तुला कुणी शिकवायला नको."

ती हसली. तिला टोमणा मारायचा नव्हता बहुतेक, किंवा असेलही. काटेसाहेब हसले नाहीत. त्या आठवड्यात तिला दाराची चौकट दिसत होती; चौकटीत कोण उभं आहे ते दिसत नव्हतं.

गाडी आली तेव्हा पाच महिन्यांना चार दिवस कमी होते. राखाडी. दारात उभी राहिली तेव्हा तळमजल्याची खिडकी अडली. सगळी इमारत बघायला उतरली. फौजींनी चाकाला लाथ मारून बघितली, डॉक्टरांनी आरशात स्वतःचे दात बघितले. काटेसाहेब म्हणाले, "नोंदणी झाली की त्याच दिवशी निघायचं."

नोंदणी कार्यालयातल्या कारकुनाने कागद वाचायला घेतले. तो सावकाश वाचायचा, बोट ठेवून. एका ओळीवर बोट थांबलं. "मागचा ॲक्सल: लॉक. हे काय? गाडी लॉक का केलीय? जप्तीतली आहे?"

"नाही हो. तो ॲक्सलचा प्रकार आहे. बटण दाबलं की…"

"इथे बटणाचं काही लिहिलेलं नाही. 'लॉक' लिहिलंय. अडकवलेली गाडी आम्ही नोंदवत नाही. गाडी मोकळी असल्याचं पत्र आणा."

"अहो, एका शब्दासाठी…"

कारकुनाने चष्म्यावरून बघितलं. "साहेब, आज एक शब्द सोडला तर उद्या दहा सोडावे लागतील."

हे वाक्य त्यांचंच होतं. अगदी शब्द न् शब्द. दर मंगळवारी आठवडी बाजारात, गुंजभराच्या फरकासाठी ताजवे उचलून नेताना ते हेच म्हणायचे. तेव्हा ते किती भारदस्त वाटायचं!

पत्र शोरूमने दिलं. त्यात 'मोकळा ॲक्सल' असं लिहिलं गेलं. मग कारकून म्हणाला, "पत्रात मोकळा, पावतीत लॉक. नक्की काय?" पत्र परत गेलं. तपासणी अधिकारी रजेवर गेले. रजेवरून आले ते बदली होऊन गेले. नव्या अधिकाऱ्यांनी गाडीखाली वाकून ॲक्सल बघायचा आग्रह धरला आणि त्यांची कंबर धरली. पुन्हा चार दिवस. या सगळ्यात सव्वीस दिवस गेले. तेवढ्या दिवसांत ती डोंगर चढणारी गाडी इमारतीच्या दारात उभी होती आणि तिच्या बॉनेटवर शिवणकामवाल्या बाईंचं मांजर ऊन खात होतं.

मधल्या एका रविवारी अक्का म्हणाली, "घाई करू नकोस आता."

त्या 'आता'चा अर्थ काटेसाहेबांनी विचारला नाही. बायकोला विचारायचा होता. पण नवऱ्याच्या चेहऱ्याकडे बघून तीही उठून स्वयंपाकघरात गेली.

निघायच्या आधी सराव हवा म्हणून फौजींनी त्यांना इमारतीमागच्या मोकळ्या जागेत नेलं. तिथे पाण्याची वाहिनी फुटून छान चिखल झाला होता. गाडी त्यात गेली आणि मागचं डावं चाक रुतलं. काटेसाहेबांनी जोर दिला. चाक गरगरलं, चिखल उडाला, आणि तो वाळत घातलेल्या डॉक्टरांच्या पांढऱ्या कोटांवर गेला. "लॉक दाबा, लॉक!" फौजी ओरडले. इतके महिने ज्याची वाट बघितली ते बटण काटेसाहेबांना सापडेना. त्यांनी घाईत एक बटण दाबलं. पुढच्या काचेवर साबणाचं पाणी आलं. शेवटी पाण्याच्या टँकरने दोर लावून गाडी ओढून काढली. टँकरवाला म्हणाला, "माझ्या टँकरला साधाच ॲक्सल आहे, काका." तो चांगल्या मनाने म्हणाला, पण काका ते काका. वयाने तो फार तर पाच वर्षांनी लहान असेल.

दुसऱ्या दिवशी सकाळी ते निघाले. बायको शेजारी, मांडीवर बटणांची माहिती देणारं पुस्तक.

चार तासांनी ते डांबर संपायच्या जागी पोचले. तो दगड होता तिथेच होता. काटेसाहेबांनी गाडी थांबवली, तळहात पुसले, सीट पुढे ओढली, चारही चाकांना जोर देणारा खटका टाकला, लॉकच्या बटणावर बोट ठेवलं, आणि समोर बघितलं.

डांबर संपलं नव्हतं.

काळं, गुळगुळीत, मधोमध पांढरी रेघ असलेलं डांबर दगडाच्या बाजूने वर गेलं होतं. कडेला कठडा होता. त्या कठड्यालगत एक लहानशी गाडी, काटेसाहेबांनी विकून टाकलेल्या गाडीसारखीच, टपावर अंड्यांचे ट्रे बांधून आरामात वर चालली होती.

"कधी झाला हो हा?" बायकोने दगडाशी बसलेल्या एका म्हाताऱ्याला विचारलं.

"झाले की चार महिने."

काटेसाहेबांनी लॉकवरचं बोट काढलं.

रस्ता चांगला झाला होता, दरी मात्र होती तिथेच होती. चौथ्या वळणावर ती कठड्यापलीकडून एकदम दिसली, आणि काटेसाहेबांनी ब्रेक दाबला. चारही डिस्कनी चारही चाकं जागच्या जागी धरली. गाडी अशी थांबली की तिच्या थांबण्यात खोट काढायला जागा नव्हती. पण ती पुढे जाईना. म्हणजे गाडी तयार होती. काटेसाहेबांचा उजवा पाय ब्रेकवरून उठत नव्हता.

मागे अंड्यांची दुसरी गाडी येऊन उभी राहिली. मग दुधाची. मग दोन मोटारसायकली. भोंगे सुरू झाले.

"मला नाही जमत," काटेसाहेब समोर बघत म्हणाले. "तू चालवतेस?"

"मला सायकल येत नाही, हा रणगाडा कुठून चालवू?" बायको म्हणाली. मग तिने पुस्तक बाजूला ठेवलं, दार उघडलं आणि खाली उतरली. गाडीच्या पुढे जाऊन रस्त्याच्या मधोमध उभी राहिली. "दरीकडे बघू नका. माझ्या पाठीकडे बघा. आणि या."

ती चालायला लागली. काटेसाहेबांनी पाय उचलला. मोठ्या रेशोची, चार डिस्क ब्रेकची, लॉकवाल्या ॲक्सलची ती गाडी एका साठीला आलेल्या बाईच्या मागोमाग पावलापावलाने डोंगर चढू लागली. बाईच्या एका हातात पर्स होती, दुसऱ्या हाताने ती मागे न बघता "या… या…" अशी खूण करत होती. मागची अंडी, दूध आणि मोटारसायकली सुरुवातीला चिडल्या. मग त्यांना काय वाटलं कोण जाणे, भोंगे थांबले. अडीच किलोमीटर अशी ती मिरवणूक चालली. वर सपाटी लागली तेव्हा बायकोचा चेहरा लाल झाला होता आणि काटेसाहेबांचा सदरा पाठीला चिकटला होता. मोटारसायकलवाला पुढे जाताना म्हणाला, "काकू, नमस्कार आहे तुम्हाला." काटेसाहेबांना तो काही म्हणाला नाही.

अक्का ओसरीत खुर्चीवर बसली होती. गाडीचा आवाज ऐकून उठली आणि बरोबर उलट्या दिशेला बघून हसली.

"आलास?"

काटेसाहेब जागच्या जागी थिजले. बायको पुढे झाली. "वन्सं, आम्ही इकडे."

"हो, हो. आवाज भिंतीवरून फिरतो ना." तिने मान वळवली, हात पुढे केले. काटेसाहेबांनी आपला चेहरा त्या हातांत दिला. तिने कपाळ चाचपलं, नाक, गाल, चष्म्याची कडा. बोटं सराईत होती, नाडी शोधणारी. "वाळलास," ती म्हणाली. "आणि दाढी नीट करत नाहीस उजवीकडे."

"कधीपासून, अक्का?"

"झाले अठरा-वीस दिवस. हळूहळूच गेलं. एका सकाळी उजाडलंच नाही, एवढंच." मग ती बायकोकडे वळली. "अगं, तू सांग. कसा दिसतो आता?"

बायकोने नवऱ्याकडे नीट बघितलं. बऱ्याच वर्षांनी बघत असावी. "केस मागे गेलेत, वन्सं. भुवया पांढऱ्या झाल्यात. कान तुमच्यासारखेच. आत्ता रडतायत."

"ते ऐकू येतंय," अक्का म्हणाली.

चहा झाला. अक्काने स्वतः केला, एक थेंब न सांडता. मग बायको आत कपडे बदलायला गेली, आणि काटेसाहेब जमिनीकडे बघत म्हणाले, "अक्का, तेव्हा दरड कोसळली नव्हती."

"माहीत आहे."

"कसं?"

"त्याच दिवशी जीपवाल्याने सांगितलं. म्हणाला, सिस्टर, खाली एक साहेबासारखा माणूस दगडावर बसलाय. चला म्हटलं तर घड्याळात बघतो आणि म्हणतो, माझी वेळ व्हायचीय." तिने कप हातात फिरवला. "मी त्याला म्हटलं, असू दे. लहानपणी शिडीच्या तिसऱ्या पायरीवर रडायचा तो."

नऊ वर्षं. काटेसाहेबांनी मान वर केली. "आणि रस्ता झाला हे का नाही सांगितलंस? दर रविवारी मी बोलत होतो. चार महिने!"

अक्काने रिकामा कप चाचपून बाजूला ठेवला.

"सांगितलं असतं तर तुला दुसरं कारण शोधावं लागलं असतं," ती म्हणाली. "गाडीच्या कारणाने येशील तरी, असं वाटलं."

काटेसाहेबांनी तिचा कप आपल्या कपात ठेवला आणि दोन्ही आत नेऊन विसळले.

ऊन उतरलं तसं अक्का म्हणाली, "चल, कडेपर्यंत जाऊ. रोज जाते मी." तिने त्यांचा हात धरला. आंधळी बाई भराभर चालत होती आणि डोळस माणूस मागे ओढला जात होता. घरामागे पन्नास पावलांवर डोंगर संपत होता. तिथे छातीएवढा दगडी बांध होता. अक्काने बांधावर एक हात टेकला. दुसऱ्या हातात भावाचा हात तसाच होता.

"सांग," ती म्हणाली. "काय दिसतंय?"

"झाडं आहेत," काटेसाहेब म्हणाले. "हिरवी. खाली… आणखी झाडं आहेत."

"डोळे उघड."

"तुला कसं कळलं?"

"माझी बोटं मोडतील इतकी मूठ आवळलीयस."

काटेसाहेबांनी डोळे उघडले. आधी एक, मग दुसरा. सगळी दरी एकदम अंगावर आली, त्यांनी बांधाला पोट टेकलं. पण तिला बघता येत नव्हतं आणि बायको घरात होती. तिथे बघायला ते एकटेच होते. म्हणून ते बघत राहिले.

"ओढा आहे," ते म्हणाले. "पाणी कमी आहे. पलीकडे चार घरं. एकावर पत्रा."

"पाच होती. बरं, ओढ्याकडे उतरणारी पायवाट दिसते? डावीकडून. मी चाळीस वर्षं औषधांची पेटी घेऊन तिथूनच उतरायचे. त्या पाच घरांत मिळून अकरा बाळंतपणं केली."

काटेसाहेबांनी डावीकडे बघितलं. वरच्या नव्या रस्त्याचा सगळा राडारोडा त्या बाजूने खाली ढकललेला होता. दगड, माती, उपटलेली झाडं, थेट ओढ्यापर्यंत. पायवाट कुठे नव्हती. असण्याची खूणही नव्हती.

"दिसते," ते म्हणाले.

"वापरात आहे अजून?"

"आहे. एक बाई वर येतेय."

हे त्यांच्या तोंडून का निघालं, त्यांनाही कळलं नाही. अक्काचा चेहरा मात्र उजळला. "कोण असेल गं बाई! हातात काय आहे?"

"पिशवी आहे."

"मग वरच्याच दवाखान्यात येत असेल. थांब, येऊ दे तिला वर. ओळखीची असली तर बोलते." तिने बांधाला रेलून कान टवकारले. "कुठवर आली?"

काटेसाहेबांनी राडारोड्याच्या ढिगाकडे बघितलं. "वळणावर."

"तिथे दम लागतो. मोठा सपाट दगड आहे, त्यावर बसेल बघ थोडी."

"बसली," काटेसाहेब म्हणाले.

"बसू दे. घाई करू नये तिथे."

दरीतून वारा येत होता. घरातून बायकोने हाक मारली. थोड्या वेळाने अक्काने हलकेच विचारलं, "उठली का?"

"उठली," ते म्हणाले. "निघाली." आणि काटेसाहेब दोन्ही डोळे उघडे ठेवून त्या नसलेल्या वाटेवरून त्या नसलेल्या बाईला एकेक पाऊल वर आणत राहिले.